वायू ओसरल्यानंतरचे सहा आठवडे

कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतून वाचलेला माणूस बहुधा दोन-चार दिवसांत घरी येतो. नाव, गाव, तारीख बरोबर सांगतो, पोटभर जेवतो, भेटायला आलेल्यांशी बोलतो. जिवावरचे संकट टळले म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तोच माणूस पाय घासत चालू लागतो. चहाचा कप हातात धरून नुसता बसून राहतो. रोजच्या रस्त्यावर चुकतो, शर्टाची बटणे लावताना मध्येच थांबतो, आणि कधी कधी कपड्यांतच लघवी होते. रक्तातला विषारी वायू पहिल्या एक-दोन दिवसांतच निघून गेलेला असतो. शरीरात जे उरलेलेच नाही, त्याचे दुखणे तीन आठवड्यांनी कुठून उपटते? हे कोडे समजले तर वाचलेल्या रुग्णाकडे पाहण्याची घरच्यांची नजर बदलते. त्यासाठी आधी हा वायू घरात कसा तयार होतो आणि शरीरात शिरून नेमके काय करतो, ते क्रमाने पाहावे लागते.

वायू येतो कुठून

लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, डिझेल, एलपीजी या सर्व इंधनांत कार्बन असतो. जळताना हवा भरपूर मिळाली तर त्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वजनाला तो जवळपास हवेइतकाच असल्यामुळे तो जमिनीलगत साचून राहत नाही आणि छताशीही जमत नाही, खोलीभर सारखा मिसळतो.

शहरी घरांत आज याचे सर्वांत मोठे कारण आहे बाथरूमच्या आत भिंतीवर टांगलेला गॅस गिझर. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो आणि त्यासाठी त्याला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. पाच फूट बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये एकूण हवाच जेमतेम 8 घनमीटर असते. म्हणजे पाव तासाच्या अंघोळीत गिझर तीनेक घनमीटर हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि जळून गेलेली हवा त्याच खोलीत परत सोडतो. दार बंद, थंडीमुळे खिडकीची काचही बंद, दाराखालच्या फटीला पायपुसणे लागलेले. अशा वेळी ज्योतीला ताजी हवा मिळेनाशी होते आणि अर्धवट ज्वलन वाढत जाते.

नरक चतुर्दशीच्या पहाटे हा धोका विशेष वाढतो. उटणे लावून घरातली चार-पाच माणसे एकामागून एक अंघोळीला जातात आणि गिझर तास-दीड तास जवळपास अखंड चालतो. पहिल्याच्या अंघोळीने बिघडलेली हवा दुसऱ्याला मिळते, दुसऱ्याची तिसऱ्याला. शेवटी अंघोळ करणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते, आणि अनेक घरांत शेवटची अंघोळ घरातल्या बाईची असते.

‘पण गॅसचा वास तर आला नव्हता’, असे अशा घटनांनंतर नेहमी ऐकू येते. एलपीजीची गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. इथे मात्र गळती झालेलीच नसते. गॅस जळून गेलेला असतो, त्याबरोबर ते वासाचे रसायनही जळते, आणि मागे उरतो तो बिनवासाचा वायू.

मराठवाड्याच्या जुन्या घरांत दुसरा धोका शेगडीचा. डिसेंबर-जानेवारीत छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या गावांत रात्रीचा पारा बराच खाली येतो. मग निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून, दार लावून झोपण्याचा मोह होतो. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देण्याची रीत अजून बऱ्याच घरांत पाळली जाते. वारा लागू नये म्हणून त्या खोलीचे झरोकेसुद्धा बुजवलेले असतात. ‘आता धूर नाही, निखारे चांगले फुलले आहेत’, म्हणून शेगडी निर्धोक समजली जाते. प्रत्यक्षात फुललेला निखारा हाच कार्बन मोनॉक्साइडचा मोठा कारखाना. शेगडीच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लालभडक कोळशातून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि त्याचा मोनॉक्साइड होतो. बाळंतीण आणि काही दिवसांचे बाळ अशा दोन जिवांच्या खाली हा वायू रात्रभर तयार होत राहतो. ही रीत प्रेमापोटीच चालत आली आहे, पण बंद खोलीत ती चालू ठेवण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही.

तिसरे कारण आग. 3 एप्रिल 2024 रोजी पहाटे संभाजीनगरच्या छावणी भागात दाणाबाजारातल्या एका शिलाईच्या दुकानाला आग लागली. दुकानाच्या वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा मृत्यू झाला. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या; ते धुराने गुदमरले. घराला लागलेल्या आगीत भाजून मरणाऱ्यांपेक्षा धुराने मरणारे अनेकदा जास्त असतात, आणि त्या धुरातला प्रमुख मारक घटक कार्बन मोनॉक्साइड हाच असतो. कापड, फोम, प्लास्टिक जळाले तर जोडीला सायनाइडही असते. अशा धुरातून बाहेर काढलेल्या, अंगावर एकही फोड नसलेल्या माणसाला ‘थोडा धूर गेला’ म्हणून घरी बसवून ठेवणे घातक ठरू शकते.

रक्तात काय होते

ऑक्सिजन पोचवण्याचे काम रक्तातले हिमोग्लोबिन करते. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन बसण्यासाठी चार जागा असतात. कार्बन मोनॉक्साइडला या जागांची ओढ ऑक्सिजनच्या 200 ते 250 पट असते. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण हजारात एक इतके जरी झाले, तरी काही तासांत रक्तातल्या निम्म्या जागा तो बळकावू शकतो.

यापुढची गोष्ट संभाजीनगरकरांना पाण्याच्या टँकरवरून चटकन कळेल. एका टँकरला चार कप्पे आहेत असे समजू. त्यातला एक कप्पा कोणी भलत्याच द्रवाने भरून टाकला, तर पाणी पाव हिश्शाने कमी येईल एवढेच वाटते. पण त्या एका कप्प्यामुळे उरलेल्या तिन्ही कप्प्यांच्या तोट्याही गंजल्यासारख्या घट्ट बसल्या तर? टँकर गल्लीत येतो, त्यात पाणीही असते, पण हंड्यात धार पडत नाही. हिमोग्लोबिनचे असेच होते. चारपैकी एका जागी मोनॉक्साइड बसला, की त्या कणाचा आकार बदलतो आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन तो सहजी सोडत नाही. म्हणून रक्तक्षयात हिमोग्लोबिन निम्मे झालेला माणूस धापा टाकत का होईना चालता-फिरता असतो, आणि मोनॉक्साइडने निम्मे हिमोग्लोबिन अडवलेला माणूस बेशुद्ध पडतो.

रक्तापलीकडेही हा वायू पोचतो. स्नायूंतल्या मायोग्लोबिनला तो चिकटतो. हृदयाच्या स्नायूला त्याचा फटका बसतो. पेशींच्या आत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी जी यंत्रणा असते, तिच्यातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या घटकालाही तो अडवतो. म्हणजे ऑक्सिजन येतो कमी, आणि आलेला वापरताही येत नाही.

ऑक्सिमीटर 98 दाखवतो तेव्हा

कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. बाथरूममध्ये कोसळलेल्या माणसाच्या बोटाला तो लावला जातो, आकडा 98 येतो, आणि ‘ऑक्सिजन चांगला आहे, बीपी लो झाले असेल’ असा निष्कर्ष काढला जातो. हा आकडा इथे साफ चुकीचा असू शकतो. हे उपकरण लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकारच्या प्रकाशावरून रक्ताचा रंग ओळखते. मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिन त्या लाल प्रकाशात ऑक्सिजन बसलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. दोहोंतला फरक ऑक्सिमीटरला कळत नाही आणि दोन्हींची बेरीज तो ऑक्सिजन म्हणून दाखवतो. खरे प्रमाण कळण्यासाठी रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटरवर तपासावा लागतो. अतिदक्षता विभागातल्या अनेक ब्लड गॅस मशिनमध्ये ही सोय असते. पण ती तपासणी करायची हे डॉक्टरांना सुचण्यासाठी, माणूस कुठे आणि कशा स्थितीत सापडला ते कोणीतरी सांगावे लागते.

त्या तपासणीचा आकडाही जपून वाचावा लागतो. साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर हाच वेळ तास-सव्वा तासावर येतो. सिल्लोड किंवा कन्नडकडच्या गावात एखाद्याच्या रक्तात 40 टक्के मोनॉक्साइड होता असे धरू. गाडी मिळेपर्यंतचा वेळ, मग 108 रुग्णवाहिकेतला ऑक्सिजन, आणि संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंतचा 60-65 किलोमीटरचा रस्ता, एवढ्यात हा आकडा 15-20 टक्क्यांवर आलेला असतो. आकडा उतरला हे चांगलेच, पण मेंदूने जे सोसायचे ते आधीच सोसलेले असते. पुढे त्रास होईल की नाही याचा अंदाज या आकड्यावरून फारसा येत नाही. माणूस किती वेळ त्या हवेत होता आणि बेशुद्ध पडला होता का, या दोन प्रश्नांची उत्तरे जास्त कामाची. बेशुद्ध झालेल्यांना, बराच वेळ कोंडलेल्यांना आणि उतारवयातल्या माणसांना नंतरचा धोका अधिक असतो.

मेंदूवरच घाव का

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. त्याच्याकडे साठवणही नसते. त्यामुळे पहिला तडाखा त्यालाच बसतो: डोके ठणकणे, गरगरणे, मळमळ, गोंधळ, मग शुद्ध हरपणे. संकटाची जाणीव व्हायला जे भान लागते तेच आधी जाते, म्हणून दाराची कडी हाताच्या अंतरावर असूनही माणसाला ती काढता येत नाही.

मेंदूचे सर्व भाग सारखे सोसत नाहीत. खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, ग्लोबस पॅलिडस नावाचा छोटा भाग असतो. हालचाल सुरू करणे, तिचा वेग आणि जोर ठरवणे यात त्याचा वाटा असतो. त्याचा रक्तपुरवठा तसा तोकडा आणि लोहाचे प्रमाण जास्त. विषबाधेनंतरच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये एकसारखे डाग दिसणे ही या विषाची ओळखीची खूण मानली जाते. दुसरा नाजूक भाग हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी इथे घडतात. तिसरा भाग म्हणजे मेंदूतले पांढरे द्रव्य, म्हणजे पेशीपेशींना जोडणाऱ्या लांब तंतूंचे जाळे. या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते आणि त्यामुळे संदेश वेगाने धावतात. उशिरा येणाऱ्या दुखण्याचे मूळ मुख्यतः या आवरणात आहे.

मधला चांगला काळ

तातडीचा त्रास ओसरल्यावर जो काळ बरा जातो, तो काही दिवसांपासून सुमारे सहा आठवड्यांपर्यंत असू शकतो. या काळाची सर्वांत मोठी नोंद दक्षिण कोरियातून आली. तिथे घरे उबदार ठेवण्यासाठी जमिनीखालून उष्णता खेळवत आणि त्यासाठी कोळशाच्या चकत्या जाळत. फरशीला तडा गेला की वायू झोपण्याच्या खोलीत शिरे. 1983 साली तिथल्या चोई या मेंदूविकारतज्ज्ञांनी 2,360 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 2.75 टक्के जणांना उशिराचे मेंदूविकार झाले. रुग्णालयात दाखल करावे लागलेल्यांत हे प्रमाण 11.8 टक्के होते. मधला चांगला काळ 2 ते 40 दिवसांचा, सरासरी सुमारे 22 दिवसांचा. नंतरच्या इतर अभ्यासांत, बारकाईने चाचण्या घेतल्या तर, स्मरण आणि एकाग्रतेचे सौम्य दोष याहून कितीतरी जास्त लोकांत आढळले.

या मधल्या काळात आत काय चाललेले असते? नुसता ऑक्सिजन कमी पडल्यामुळे हे होत असते, तर हृदय बंद पडून वाचलेल्यांतही इतकेच वारंवार दिसले असते. उलगड्याचा मोठा धागा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या स्टीफन थॉम यांच्या गटाने 2004 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आणला. विषबाधेच्या वेळी रक्तातल्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात, त्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि तिथे दाहक रसायने सोडतात. त्या रसायनांमुळे मेंदूतली स्निग्ध द्रव्ये खवट झाल्यासारखी बिघडतात. त्यातून निघालेले पदार्थ मायलिनमधल्या एका प्रथिनाला चिकटून त्याचे रूप पालटतात. शरीराच्या संरक्षक पेशींना हे प्रथिन आता परके वाटते, आणि त्या त्याच्यावर चाल करून जातात. जंतू शिरल्यावर जी फौज कामाला लागते, तीच इथे स्वतःच्या मेंदूवर उलटते. अशी फौज तयार व्हायला दिवस, आठवडे लागतात. ते लागलेले दिवस म्हणजेच मधला चांगला काळ.

याची पडताळणी या गटाने मोठ्या हुशारीने केली. काही उंदरांना आधीच मायलिनचे ते प्रथिन खाऊ घालून त्यांच्या शरीराला त्याची सवय केली. मग त्यांनाही विषबाधा दिली. विषबाधेने मेंदूतले प्रथिन त्यांच्यातही बिघडले, पण संरक्षक पेशी त्याच्यावर धावून गेल्या नाहीत, आणि या उंदरांची शिकण्याची क्षमता शाबूत राहिली. माणसाच्या बाबतीत सगळे धागे अजून जुळलेले नाहीत, तरी वायू गेल्यावरही आजार का वाढतो याचे हे सर्वांत पटणारे उत्तर आहे.

घरात काय दिसते

सुरुवात बहुधा स्वभावापासून होते. बोलका माणूस गप्प होतो, किंवा शांत माणूस चिडचिडा. विचारले तर उत्तर देतो, पण आपणहून काही करत नाही. दुकानदाराला सुटे पैसे परत करताना हिशेब जमत नाही, शिक्षिकेला हजेरीतली नावे आठवत नाहीत, स्वयंपाक करणारीला कुकर लावला की नाही याची खात्री उरत नाही. चाल मंदावते, पावले लहान पडतात, वळताना तोल जातो, चेहरा भावहीन दिसतो. हे चित्र पार्किन्सन्ससारखे असते. मात्र त्या आजारात कामी येणारी लेव्होडोपाची गोळी इथे सहसा गुण देत नाही. काहींना लघवी-शौचावरचा ताबा राहत नाही, काहींना झटके येतात. अगदी तीव्र स्वरूपात माणूस डोळे उघडे ठेवून, न बोलता, न हलता पडून राहतो.

घरच्यांना ही लक्षणे दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळाच लावला जातो. वय झाले, मनावर घेतले, धक्का बसला, आळशी झाला. गावाकडे बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडेही नेले जाते आणि त्यात मोलाचे आठवडे जातात. डॉक्टरांपुढे आणले तरी महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडल्याची गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात नसते. मग निदान स्मृतिभ्रंशाचे किंवा नैराश्याचे होते.

> चौकट: सहा आठवड्यांची नोंद
> विषबाधेतून सुटून घरी आलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर विषाचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे. पुढचे सहा आठवडे घरातल्या एकाने रोज पाच मिनिटे लक्ष द्यावे: काल काय जेवलो ते आठवते का, 100 मधून 7-7 वजा करत चार-पाच पायऱ्या जाता येते का, सरळ रेषेत चालून वळता येते का, सही पूर्वीसारखी येते का. बदल दिसला तर त्याच कार्डासह मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. या काळात दुचाकी चालवणे, विहिरीवर वा यंत्रावर एकट्याने काम करणे टाळावे. दारू पूर्ण बंद.

एका बाईची नजर

कायमच्या इजेचे सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण गॅसवर पाणी तापवणाऱ्या हीटरचेच आहे. 1988 साली इटलीत राहणारी 34 वर्षांची एक स्त्री अंघोळ करत असताना हीटरच्या वायूने बेशुद्ध पडली. शास्त्रीय लेखनात ती डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. ती वाचली, बोलणे आणि स्मरण सुधारले, डोळेही ठीक होते. रंग तिला कळत, कापडाचा पोत कळे. पण आकार ओळखता येईना. समोर पेन्सिल धरली तर ती पिवळी आहे हे ती सांगे. ती काय वस्तू आहे, उभी धरली आहे की आडवी, हे सांगता येत नसे.

मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिलनर या मानसशास्त्रज्ञांनी तिच्यापुढे एक चकती ठेवली. चकतीला टपालपेटीसारखी फट होती आणि ती हवी तशी तिरकी फिरवता येई. फट कोणत्या दिशेला तिरकी आहे असे विचारल्यावर तिची उत्तरे चुकत. मग तिच्या हातात कार्ड देऊन ते फटीत टाकायला सांगितले, तर हात पुढे जाता जाता मनगट बरोबर त्या कोनात वळे आणि कार्ड आत जाई. ‘हे काय आहे’ हे सांगणारी आणि ‘इथे हात कसा न्यायचा’ हे ठरवणारी अशा दृष्टीच्या दोन वेगळ्या वाटा मेंदूत आहेत, हा विचार या एका रुग्णामुळे बळकट झाला. पहिली वाट वायूने तोडली होती, दुसरी वाचली होती. मेंदूशास्त्राला यातून फार मोठे ज्ञान मिळाले. त्या स्त्रीला मात्र आकार ओळखण्याची नजर पुढच्या दशकांतही परत मिळाली नाही.

उपचार

पहिला उपचार मोकळी हवा. माणसाला बाहेर काढताना आधी दार-खिडक्या सताड उघडाव्यात, गॅस बंद करावा, आणि वाचवणाऱ्याने त्या हवेत रेंगाळू नये. दुसरा जीव जातो तो इथेच. त्यानंतर लवकरात लवकर शुद्ध ऑक्सिजन, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून, ऑक्सिमीटरचा आकडा काहीही असो. छावणीच्या आगीसारख्या प्रसंगी आणि गर्भवतीच्या बाबतीत विशेष घाई हवी. पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साठतो आणि निघायला जास्त वेळ घेतो, म्हणून आई शुद्धीवर येऊन बोलू लागली तरी ऑक्सिजन अधिक काळ चालू ठेवतात.

याहून वरचा उपचार म्हणजे हायपरबॅरिक ऑक्सिजन: बंद दालनात हवेचा दाब अडीच-तीन पट वाढवून ऑक्सिजन देणे. त्यात रक्तातला वायू निम्मा व्हायला वीस-तीस मिनिटे पुरतात, आणि पांढऱ्या पेशींचे रक्तवाहिन्यांना चिकटणेही रोखले जात असावे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीतल्या वीव्हर यांच्या गटाने 152 रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी स्मरण-आकलनाचे दोष साध्या ऑक्सिजनवरच्या गटात 46.1 टक्के जणांत, तर हायपरबॅरिक गटात 25 टक्के जणांत आढळले. त्याआधी, 1999 साली, ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मात्र असा फायदा दिसला नव्हता. त्यामुळे तज्ज्ञांत आजही एकमत नाही. मराठवाड्यातल्या घरासाठी याचा व्यवहारी अर्थ असा: हायपरबॅरिक दालने मोठ्या शहरांत, तीही मोजकीच आहेत. असे दालन शोधण्यासाठी साधा ऑक्सिजन मिळायला एक मिनिटही उशीर होता कामा नये. जवळच्या रुग्णालयात ऑक्सिजन सुरू झाल्यावर, बेशुद्ध झालेला रुग्ण, गर्भवती किंवा हृदयावर परिणाम झालेला रुग्ण पुढे हलवायचा का, हे डॉक्टरांनी ठरवावे.

उशिरा आलेल्या मेंदूविकारावर हमखास औषध अजून नाही. दाह दाबणारी स्टेरॉइड, पुन्हा हायपरबॅरिक ऑक्सिजन, असे प्रयत्न होतात. त्यांचा गुण रुग्णागणिक बदलतो. झटके, ताठरपणा, नैराश्य यांवर त्या त्या लक्षणाचे उपचार करतात. खरी भिस्त असते ती फिजिओथेरपी, वाचा आणि गिळण्याचे व्यायाम, आणि स्मरणशक्तीच्या सरावावर.

किती जण बरे होतात

कोरियातल्या त्या अभ्यासात ज्या रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला, त्यांतले 75 टक्के वर्षभरात बरे झाले. अंथरुणाला खिळलेला, कोणाला न ओळखणारा माणूस सहा महिन्यांनी पुन्हा चालू-बोलू लागल्याची उदाहरणे आहेत. मायलिनचे आवरण काही प्रमाणात पुन्हा तयार होऊ शकते, त्याचे हे फळ असावे. म्हणून पहिल्या महिन्यात स्थिती कितीही वाईट दिसली तरी व्यायाम आणि बोलणे सोडू नये. ‘आता काही उपयोग नाही’ हा निर्णय वर्षाच्या आत घेणे त्या रुग्णावर अन्याय आहे.

जे बरे होत नाहीत त्यांची संख्या लहान असली तरी त्यांचे दुखणे लांब असते. 9 नोव्हेंबर 1963 रोजी जपानच्या मिइके कोळसा खाणीत कोळशाच्या भुकटीचा स्फोट झाला. 458 कामगार मेले आणि 839 जणांना या वायूची बाधा झाली. वाचलेल्यांचा पाठपुरावा तिथल्या डॉक्टरांनी तीस वर्षांहून अधिक काळ केला. अनेकांत विस्मरण, चिडचिड आणि मंदपणा शेवटपर्यंत टिकून राहिला. त्यातले कित्येक घटनेच्या वेळी तरुण, धडधाकट, घर चालवणारे पुरुष होते. ते दिसायला धट्टेकट्टे राहिले पण कामाला लागू शकले नाहीत, आणि त्यांच्या बायकांनी पुढचे सगळे आयुष्य सांभाळ करण्यात घालवले. स्वभाव बदललेल्या माणसाबरोबर राहणे हे हात-पाय गेलेल्याची सेवा करण्याहून सोपे नसते. त्या बायकांचा त्रास हाही या विषाचाच परिणाम धरायला हवा.

थोडा थोडा वायू, रोज

एकदाच बेशुद्ध पडणे ही झाली ठळक घटना. रोज थोडा थोडा वायू घेणाऱ्यांची गोष्ट ओळखायला अवघड असते. सकाळी अंघोळीनंतर डोके दुखते, ऑफिसला पोचेपर्यंत थांबते. सुट्टीत दुसऱ्या गावी गेल्यावर अजिबात दुखत नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे होते. अॅसिडिटी, अर्धशिशी, चष्म्याचा नंबर, असे एकेक कारण शोधले जाते. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी असेही रुग्ण नोंदवले आहेत ज्यांना फिट फक्त बाथरूममध्येच येई. फेफरे समजून त्यांना गोळ्या सुरू होत. एमआरआय आणि ईईजी अनेकदा निर्दोष निघत. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर काढल्यावर फिट थांबत.

म्हणून तरुण, निरोगी माणसाला अंघोळीच्या वेळी पहिल्यांदाच फिट आली, तर डॉक्टरांनी आणि घरच्यांनी विचारायचा पहिला प्रश्न पाणी कशावर तापते हा असावा. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालतात, त्यांनी लग्ने अडतात, नोकऱ्या आणि वाहन परवाने जातात. हे सगळे एका चुकीच्या जागी बसवलेल्या यंत्रापायी होऊ नये. गिझर बाथरूमच्या आत नको, गच्चीत, गॅलरीत किंवा उघड्या डक्टलगत बाहेरच्या भिंतीवर हवा; त्यातला गरम पाण्याचा पाइप तेवढा आत यावा. जागाच नसेल तर विजेचा किंवा सौर गिझर बरा. नुसता एक्झॉस्ट पंखा लावून भागत नाही, कारण बाहेरची हवा आत यायला दाराखाली किंवा भिंतीत कायमची उघडी जाळी नसेल तर पंखा ओढणार काय? भाड्याच्या घरात गिझर घरमालकाने आधीच बसवलेला असतो आणि तो हलवण्याचा खर्च कोणी करायचा यावर गोष्ट अडते. तोवर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, बाथरूमचे दार पाच मिनिटे सताड उघडे ठेवावे आणि मगच अंघोळीला आत जावे.